गोषवारा

दिवाणसाहेब म्हणाले, एका पानात बसव.
लोक का उठले, एवढंच. समास सोडून. शाई काळी.
मी सखाहरी कर्णिक, हुजूर दफ्तर, इंदूर,
पगार अडतीस रुपये, अक्षर वळणदार,
म्हणून काम माझ्या मेजावर आलं.

पहिलं कारण सगळेच लिहितात: महागाई.
लिहिलं.
दुसरं: बाहेरून आलेले लोक, टोप्या, छापील कागद.
तेही लिहिलं, कारण वर ते वाचायला आवडतं.
मग टाक थांबला.
खिडकीबाहेर राजवाड्याच्या सात मजल्यांची सावली
खजुरी बाजारावर सरकत होती.
रोजच सरकते. उन्हाळ्यात बरीही वाटते.

परदेशीपुऱ्यातला नळ मला ठाऊक आहे.
पहाटे चारला येतो, साडेचारला खोकतो, जातो.
त्या चैत्रात मडक्यांची रांग गिरणीच्या फाटकाला टेकली होती
आणि गेंदीबाईनं, जिचा नवरा रात्रपाळीला साच्यावर,
कुणाकडून तरी ऐकलं की गोऱ्या पाहुण्यांसाठी
बागेतलं कारंजं तीन रात्री सोडून पाहिलं,
धार झुंबराएवढी चढते का ते बघायला.
ती ओरडली नाही.
एवढंच म्हणाली, "कितरो ऊंचो गयो?"
तो सवाल एकेका मडक्यावरून मागे मागे गेला.
शेवटच्या बाईपाशी पोचला
तेव्हा त्याला उत्तर नको होतं.

हे कोणत्या रकान्यात घालू?

दसऱ्याच्या दरबाराचं तर मी लिहिणारच नाही.
पगडी भाड्याची, बारा आणे, सराफ्यामागच्या बोळातून.
नजराण्याचा रुपया मेहुण्याचा.
मानकऱ्यांच्या मोहरेला बोट लावून परत देतात,
आमच्या वर्गाचा रुपया ठेवून घेतात.
पाच तास अनवाणी उभा होतो.
माझी पाळी आली आणि सरकारांना जांभई आली.
जांभईचा राग नाही, साहेब. माणूसच ते,
रात्री झोप झाली नसेल.
पण ती संपेपर्यंत मी वाकलेलाच होतो,
नजर खाली, जिथं ठेवायला शिकवली तिथं,
आणि तिथं, गालिच्याच्या मोराच्या पोटावर,
मला रफू दिसलं.
चांगलं बारीक, पण दोरा एका छटेनं वेगळा.
माझ्या बायकोचंही असंच चुकतं.

घरी आलो, पगडी परत केली.
रात्री भाकरी मोडताना एकदम हसू फुटलं,
बायको म्हणाली, काय झालं?
मी म्हणालो, काही नाही, त्यांच्याकडेही फाटतं.
त्या रात्रीनंतर मला
मुजरा करताना कंबर दुखू लागली.
वैद्य म्हणाला, वात.

आता मुद्द्याचं. हुकुमात एक शब्द चुकलाय.
लोक उठले, असं लिहिलंय.
मी होतो त्या दिवशी, छत्रीबागेच्या वळणावर,
हातात दफ्तराची पिशवी.
भालदार पुढे, मागे मोटार, भोंगा.
सवारी आली की उठून उभं राहायचं, हा आपला रिवाज.
फुलवाला चुन्नीलाल बसून होता. गजरा ओवत राहिला.
त्याच्या शेजारचा न्हावी, अर्ध्या गालावर साबण असलेलं गिऱ्हाईक,
चबुतऱ्यावरचे गिरणीवाले, विडी न लपवता,
एक म्हातारा, ज्याला उठवायला नातू हात देत होता
आणि जो हात झटकत होता.
दगड नंतरचे, साहेब. घोषणाही नंतरच्या.
आधी नुसते बसले.
भोंगा वाजला, पुन्हा वाजला,
आणि इतक्या माणसांत सुईत दोरा जाताना ऐकू यावा
अशी शांतता.

मीही उभा होतो ना, माझी सवय.
मग पिशवी खाली ठेवली.
तिच्यावर बसलो.

पान भरलंय. समास तेवढा कोरा आहे.
रफूचं तिथं लिहू का, विचारायला जिन्यापर्यंत गेलो.
खाली दिवाणसाहेबांची मोटार भोंगा देत होती,
आणि देवडीवरचा शिपाई, घासीराम, सतरा वर्षांची नोकरी,
फाटकाकडे बघत
तंबाखू मळत बसला होता.